अणू मोजले, पण लघवी मोजली का?

पेडण्याच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, मी गोवा विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. राज्याबाहेरच्या एका संस्थेतून पीएच.डी.च्या मुलाखतीचं पत्र आलंय. ज्या सरांकडे जायचं ते धातूंचे नॅनोक्लस्टर आणि त्यांचा वैद्यकातला उपयोग यावर काम करतात. त्यांचे नव्वदच्या वर पेपर आहेत आणि निम्म्यांच्या शीर्षकात कर्करोग आहे. बाबा वेर्ण्याला औषध कारखान्यात क्वालिटीला आहेत. ते म्हणाले, एवढे पेपर आहेत तर यातलं एक तरी औषध आमच्याकडे बॅचला का आलं नाही? मला उत्तर देता आलं नाही. एखाद्या संशोधकाचं असं काम वाचायचं कसं? आणि मी जावं का?"

आधी बाबांचं उत्तर, कारण प्रश्न त्यांचाच जास्त धारदार आहे. अणू मोजून बनवलेला सोन्याचा नॅनोक्लस्टर, म्हणजे मोजक्या अणूंचा पुंजका, औषध म्हणून मान्यता घेऊन आज बाजारात नाही. हे तू त्यांना सरळ सांग, यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र त्याच्या जोडीला हेही सांग की सोनं आणि औषध ही जोडी नवी नाही. फ्रान्समधल्या जाक फोरेस्तिए यांनी १९२९ मध्ये संधिवातासाठी सोन्याचे क्षार वापरल्याचं प्रसिद्ध केलं. १९८५ मध्ये ऑरॅनोफिन हे तोंडाने घ्यायचं सोन्याचं औषध अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या एका रेणूत सोन्याचा एकच अणू असतो आणि तो गंधकाला बांधलेला असतो. क्लस्टरमध्येही सोनं गंधकालाच बांधलेलं असतं, फक्त अणू एकाऐवजी पंचवीस, अडतीस, एकशे दोन असे असतात. एका अणूच्या औषधाला रुग्णापर्यंत यायला किती वर्षं लागली ते बघ. पंचवीस अणूंची रचना तर आपल्याला २००८ मध्ये कळली.

मी या विषयात बावीस वर्षं काढली. आता ताळगावला राहते आणि अजून पेपर तपासून देते. एखाद्याचं काम समोर आलं की मी दोनच गोष्टी शोधते. अणू मोजले आहेत का? आणि जनावराला टोचलं असेल तर त्याच्या लघवीत किती सोनं आलं ते मोजलंय का? शीर्षक, चित्रं, उद्धरणांचे आकडे हे सगळं त्यानंतर. असं का, ते नीट सांगते.

फोंड्याच्या बाजारात आमचे एक जुने शेट आहेत. त्यांच्या मुशीत सोनं वितळताना मी लहानपणी तासन् तास बघत बसायचे. ते म्हणायचे, सोन्याचा कितीही बारीक तुकडा करा, कस तोच. त्यांच्या कसोटीच्या दगडापुरतं ते शंभर टक्के खरं आहे. पण तुकडा फारच बारीक झाला की सोनं बदलतं. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले तेव्हा ते पाणी माणकासारखं लाल दिसलं. ते कण काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतचे. आणखी खाली, दोन नॅनोमीटरच्या आत आलं की तो लाल रंगही जातो. तिथे सोनं धातूसारखं वागणंच सोडतं. इलेक्ट्रॉनना मोकळं फिरायला जागा उरत नाही, ऊर्जेच्या पायऱ्या सुट्या सुट्या होतात आणि तो तुकडा एखाद्या रेणूसारखा वागू लागतो. त्याला ठरावीक सूत्र असतं, ठरावीक रंग असतो, आणि कधी कधी तो प्रकाशतो. यालाच क्लस्टर म्हणायचं. नॅनोकण आणि नॅनोक्लस्टर हे शब्द ज्या पेपरात एकाच अर्थाने येतात, तिथे मी पेन्सिल हातात घेते.

मोजण्याचा आग्रह का, यासाठी एक गोष्ट सांगते. ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगत आले.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट व्हेटन यांच्या गटाने ग्लुटाथायोनने वेढलेला सोन्याचा एक क्लस्टर वेगळा काढला. ग्लुटाथायोन म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत असणारा छोटा, गंधक असलेला रेणू. क्लस्टरचं वजन निघालं सुमारे १०,४०० डाल्टन (अणू-रेणूंचं वजन मोजायचं एकक). त्यावरून सूत्र मांडलं गेलं: सोन्याचे २८ अणू आणि ग्लुटाथायोनचे १६ रेणू. सात वर्षं ते सूत्र तसंच राहिलं. २००५ मध्ये जपानमधल्या त्सुकुदा यांच्या गटाने अधिक बारकाईने वजन केलं आणि सूत्र निघालं २५ आणि १८. तू स्वतः कागदावर करून बघ. सोन्याचा अणुभार १९७ धर, बांधलेल्या ग्लुटाथायोनचा ३०६. पहिल्या सूत्राचं वजन १०,४१२ येतं, दुसऱ्याचं १०,४३३. फरक जेमतेम २१ डाल्टन, म्हणजे हजारात दोन. एवढ्या फरकावर २८ चे २५ झाले.

तीन अणूंनी काय बिघडतं, असं तुला वाटेल. बरंच बिघडतं. २००८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे २५ अणूंच्या क्लस्टरची स्फटिकरचना काढली. मध्ये १३ अणूंचा गाभा आणि त्याच्याभोवती सहा कड्या. प्रत्येक कडीत सोन्याचे दोन अणू आणि गंधकाचे तीन. तेरा अधिक बारा, पंचवीस. सहा त्रिक अठरा. हिशेब चोख बसतो. २८ आणि १६ धरून ही रचना उभीच राहत नाही. आणि हा क्लस्टर इतका टिकाऊ का, प्रकाश कुठला घेतो, कुठला देतो, ते सगळं त्या रचनेतून येतं. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ अणूंच्या क्लस्टरची रचना दाखवली होती. तिथून या विषयाला खरी शिस्त लागली. त्याआधीचे पेपर वाचताना सूत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस, आणि त्यानंतरच्या पेपरांत सूत्रच नसेल तर का नाही ते विचार.

आता तुझ्या सरांचे पेपर उघड. मुख्य लेख बाजूला ठेव आणि आधी जोडपुस्ती काढ, सप्लिमेंटरी म्हणतात ती. मास स्पेक्ट्रम, म्हणजे क्लस्टरच्या वजनाचा आलेख, आहे का? शिखर एक आहे की डोंगररांग? मोजलेलं वजन आणि सूत्रावरून काढलेलं वजन शेजारी शेजारी दिलंय का? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा नुसता फोटो पुरावा म्हणून दिला असेल तर तो अपुरा आहे. एवढ्या छोट्या क्लस्टरवर इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. फोटोत दिसतात ते बाटलीतलेच असतील याची खात्री नसते.

प्रथिनातले क्लस्टर हा वेगळा प्रकार आहे आणि वैद्यकाच्या पेपरांत तोच सर्वांत जास्त भेटेल, कारण तो बनवायला सोपा. २००९ मध्ये सिंगापूरच्या गटाने ही कृती दिली. ती इतकी साधी आहे की जगभर पसरली. गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन पाण्यात विरघळवायचं, सोन्याच्या क्षाराचं द्रावण त्यात घालायचं, दोन मिनिटांनी थोडा कॉस्टिक सोडा, आणि ३७ अंशांवर बारा तास ढवळत ठेवायचं. आपल्या शरीराचंच तापमान. मी पहिल्यांदा केलं ती रात्र लख्ख आठवते. सुरुवातीला द्रावण फिकट पिवळं, वर प्रथिनाचा फेस. सोडा घातल्यावर हळूहळू तपकिरी. सकाळी बाटलीत कोऱ्या चहासारखं गडद पाणी होतं, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. दिवे बंद केले आणि अतिनील बत्ती धरली. सबंध बाटली चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल झाली. मी बत्ती विझवून पुन्हा लावली, तीनदा. तो लाल रंग ६४० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि मूळ पेपरात शंभरातले सुमारे सहाच फोटॉन परत येतात असं दिलंय. पण अंधारात ते पुरेसं असतं.

या मोहातच माझी चूक झाली. ती सांगायला हवी, कारण तू जे पेपर वाचशील त्यांतल्या काहींत हीच चूक छापलेली सापडेल. तेव्हा मी गोव्याबाहेरच्या एका संस्थेत होते. तो क्लस्टर आम्ही कर्करोगाच्या पेशींवर घातला आणि पेशी मेल्या. आलेख सुंदर आला. पेपर लिहून झाला, सहलेखकांच्या सह्याही झाल्या. एका विद्यार्थिनीने सहज विचारलं, मॅडम, डायलिसिसच्या पिशवीबाहेरचं पाणी पेशींवर घालून बघू का? क्लस्टर धुवायची ही पिशवी मोठी वस्तू आत ठेवते आणि बारीक बाहेर सोडते. त्या पाण्यात क्लस्टर नव्हता, असलेच तर न बांधले गेलेले सोन्याचे आयन. तिने घातलं. पेशी तशाच मेल्या. आम्ही नीट धुतलेलाच नव्हता तो क्लस्टर. पुरेसं डायलिसिस करून, पाणी बदलून बदलून पुन्हा केलं तेव्हा त्याच मात्रेला पेशी मजेत जगल्या. आम्ही पेपर मागे घेतला आणि आठ महिन्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं. म्हणून आता मी कुठल्याही पेपरात "नुसतं गाळलेलं पाणी" हा नियंत्रण प्रयोग शोधते. त्याच्याच शेजारी "नुसतं प्रथिन" हाही हवा, कारण अल्कलीत ठेवलेलं अल्ब्युमिन स्वतःच निळसर प्रकाशतं. निळ्या प्रकाशाच्या क्लस्टरचे काही पेपर बघताना मला आधी हीच शंका येते. पेशींच्या बाबतीत आणखी एक. पेशी जिवंत आहेत की नाही हे रंगावरून सांगणारी जी एमटीटी चाचणी सगळीकडे वापरतात, तिच्यातला रंगद्रव्याचा बदल गंधकाचे रेणू पेशींशिवायही घडवू शकतात. क्लस्टरच्या अंगावर गंधकच असतो. एकाच चाचणीवर निष्कर्ष काढलाय का, ते बघ.

आता शरीर. इथे मला थोडा वेळ दे, कारण या विषयाचा जीव इथे आहे.

शिरेतून आत गेलेली बारीक वस्तू बाहेर पडायला मुख्य दोन वाटा. मूत्रपिंडातून लघवीत, नाहीतर यकृतातून पित्तात आणि पुढे शौचात. पहिली वाट तासांची, दुसरी दिवसांची, आठवड्यांची, आणि कित्येकदा वस्तू यकृतात, प्लीहेत अडकूनच बसते. २००७ मध्ये फ्रँजिओनी आणि बावेंडी यांच्या गटाने क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे प्रकाशणारे अतिसूक्ष्म कण, उंदरांत टोचून दाखवलं की पाण्यातला व्यास साडेपाच नॅनोमीटरच्या आत असेल तर वस्तू मूत्रपिंडातून झटपट बाहेर पडते. बावेंडी यांना पुढे २०२३ मध्ये क्वांटम डॉटसाठीच नोबेल मिळालं. या साडेपाचच्या आकड्याने क्लस्टरवाल्यांना उमेद दिली. आमचा तुकडा तर दोनच्या आतला.

पण पाण्यातला व्यास म्हणजे अंगरख्यासकट व्यास. आता अल्ब्युमिनचा क्लस्टर घे. सोनं असेल एक नॅनोमीटर, पण बाहेरचं प्रथिन सुमारे सात. निरोगी मूत्रपिंड अल्ब्युमिनला जाऊ देत नाही, ते त्याचं कामच आहे. मधुमेही माणसाची लघवी अल्ब्युमिनसाठी तपासतात ती याचसाठी. ते दिसलं की डॉक्टर काळजीत पडतात. म्हणजे ज्या पेपरात अल्ब्युमिनचा क्लस्टर आहे आणि प्रस्तावनेत "अतिसूक्ष्म असल्याने मूत्रपिंडातून सहज बाहेर पडेल" असं वाक्य आहे, तिथे लेखकाने सोन्याचा आकार बघितला, वस्तूचा नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा खोडलंय की आता हात आपोआप तिथे जातो. आणि मी जेव्हा "लघवी मोजली का" म्हणते तेव्हा हेच म्हणते: टोचलेलं सोनं किती, चोवीस तासांच्या लघवीत किती, यकृतात किती, प्लीहेत किती, महिन्याने किती. सोनं हे मूलद्रव्य आहे, ते शरीरात जिरून नाहीसं होत नाही. ते कुठेतरी असणारच, आणि आयसीपी-एमएससारख्या यंत्राने ते मोजता येतं. हिशेब शंभरच्या जवळ जमला नाही तर उरलेलं कुठे गेलं ते लेखकाने सांगितलं पाहिजे.

ग्लुटाथायोनचा अंगरखा मात्र फार तोकडा असतो. टेक्सासमधल्या जिए झेंग यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की ग्लुटाथायोन लावलेले दोन नॅनोमीटरच्या आसपासचे सोन्याचे कण उंदरांत टोचल्यावर चोवीस तासांत निम्म्याहून जास्त लघवीतून बाहेर आले. पुढे २०१७ मध्ये त्याच गटाने जे दाखवलं त्याने मी चकित झाले. आम्ही सगळे समजत होतो की जितकं छोटं तितकं लवकर बाहेर. त्यांनी २५, १८, १५ आणि १०-११ अणूंचे क्लस्टर घेतले. सुरुवातीच्या काळात छोटे क्लस्टर २५ अणूंच्या क्लस्टरपेक्षा चार ते नऊ पट कमी वेगाने बाहेर पडले. कारण मूत्रपिंडाच्या गाळणीच्या आतल्या बाजूला साखरेच्या साखळ्यांचा जो मऊ थर असतो, त्यात छोटे क्लस्टर जास्त अडकतात. पाग टाकल्यावर मोठा मासा जाळ्यात आणि छोटा बाहेर, हे आपण मांडवीवर बघतो. इथे एक नॅनोमीटरच्या खाली नेमकं उलट. सात अणू कमी झाले आणि शरीराने वेगळी वागणूक दिली. अणू मोजणं आणि लघवी मोजणं हे दोन वेगळे आग्रह नाहीत, ते इथे एकमेकांना भेटतात.

आणि आता तो पेपर, जो मला या सबंध क्षेत्रात सर्वांत आवडतो. २०१९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मॉली स्टीव्हन्स आणि एमआयटीमधल्या संगीता भाटिया यांच्या गटांनी मिळून केलेलं काम. त्यांनी सोन्याचे दोन नॅनोमीटरच्या आतले क्लस्टर एका मोठ्या प्रथिनाला पेप्टाइडच्या छोट्या दोऱ्यांनी बांधले. सगळं मिळून इतकं मोठं की मूत्रपिंड सोडणार नाही. पण काही गाठींच्या आसपास एक एन्झाइम जास्त असतं, एमएमपी-९, आणि दोरी अशी निवडली की ते एन्झाइम ती कापेल. दोरी तुटली की क्लस्टर सुटा, सुटा झाला की लघवीत. टोचल्यानंतर तासाभराने उंदरांची लघवी घेतली. तिच्यात एक रंगद्रव्य आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. क्लस्टर असेल तर तो रंग उमटवतो, कारण सोन्याचा तो तुकडा पेरॉक्सिडेज एन्झाइमसारखं काम करतो. मोठ्या आतड्याची गाठ असलेल्या उंदरांची लघवी निळी झाली. निरोगी उंदरांच्या तुलनेत रंगाचा संकेत १३ पट. डोळ्यांनी दिसेल असा, महागडं यंत्र नको. आणि चार आठवड्यांत क्लस्टर शरीरातून पूर्ण बाहेर पडल्याचंही त्यांनी तपासलं.

यात बघण्यासारखं असं की क्लस्टरच्या दुबळेपणाचं त्यांनी बळ केलं. लवकर बाहेर पडतो म्हणून औषध पोचवायला तो अपुरा, अशी क्लस्टरबद्दल तक्रार असते. त्यांनी बाहेर पडण्यालाच निरोप बनवलं. आपल्याकडे पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासणीसाठी यायचं म्हणजे दिवस जातो आणि रोजगार बुडतो. लघवीच्या बाटलीत रंग बघून प्राथमिक निर्णय करता आला तर कुणाचा फायदा होईल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. अजून तो उंदरातलाच प्रयोग आहे, हे विसरू नकोस.

औषध गाठीपर्यंत पोचवण्याच्या पेपरांबद्दल थोडक्यातच सांगते. २०१६ मध्ये टोरांटोच्या एका गटाने मागच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के. हजारात सात. शीर्षकात "लक्ष्यवेधी" असेल तर आत टक्के शोध. जिवाणूंवरचं काम मला जास्त आशादायक वाटतं. २०१७ मध्ये सिंगापूरमध्येच दाखवलं गेलं की २५ अणूंचा क्लस्टर ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह अशा दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना मारतो, आणि त्याच अंगरख्याचे सहा नॅनोमीटरचे कण त्याच जिवाणूंना काहीच करत नाहीत. पुन्हा तेच, आकार बदलला की वस्तू बदलली.

घरी कुणीतरी विचारेलच, म्हणून आताच सांगते. सुवर्णप्राशनातलं सुवर्णभस्म म्हणजे नॅनोक्लस्टर नव्हे. भस्मातले कण क्लस्टरच्या मानाने फार मोठे असतात आणि पुंजक्यांनी असतात. त्यांचं मूत्रपिंडातून जाणं वगैरे वरचं काहीही त्यांना लागू होत नाही. भस्माचा अभ्यास त्याच्या शास्त्राने करावा. क्लस्टरचे पेपर दाखवून भस्म विकणारा भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

आता नव्वद पेपरांची यादी कशी वाचायची. संख्येकडे बघू नकोस, धागा शोध. आपल्या देशात या विषयाचा सर्वांत मोठा धागा मद्रास आयआयटीतल्या टी. प्रदीप यांच्या कामात दिसतो. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या गटाने प्रथिनांत क्लस्टर कसे वाढतात ते वजन करत करत पाहिलं. २५ अणूंचा सोन्याचा आणि ४४ अणूंचा चांदीचा असे दोन क्लस्टर द्रावणात एकत्र केले की ते एकमेकांत अणूंची अदलाबदल करतात, हे २०१६ मध्ये दाखवलं. म्हणजे क्लस्टर खरोखर रेणूंसारखे एकमेकांशी रासायनिक व्यवहार करतात. आणि याच माणसाने नॅनोपदार्थ वापरून पाण्यातलं आर्सेनिक काढायचं तंत्र गावांपर्यंत नेलं. ही यादी वाचताना एका प्रश्नातून दुसरा प्रश्न निघताना दिसतो. तुझ्या सरांचे पेपर वर्षवार लाव आणि बघ. २०१५ च्या पेपरातला क्लस्टर २०१८ च्या पेपरात पुढे गेलाय का? पेशीतून सीरममध्ये, सीरममधून उंदरात, उंदरातून लघवीच्या हिशेबात? की दर वर्षी नवा धातू, नवं प्रथिन, तीच पेशी, तेच चार आलेख? नव्वदपैकी दहा पेपर जरी एका धाग्यात ओवलेले असले तरी माझ्या लेखी ते चांगलं काम. धागाच नसेल तर तू तिथे जाऊन एक्याण्णवावा सुटा मणी होशील.

शोधगंगेवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मिळतील, ते पेपरांच्या आधी वाच. पेपरात यश असतं, प्रबंधात बऱ्याचदा फसलेलेही प्रयोग असतात. ज्या प्रयोगशाळेच्या प्रबंधांत "हे जमलं नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलेलं सापडतं, तिथे माणसं धीट असतात. उंदरांचं काम असेल तर प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीचा उल्लेख हवाच. जिथून पाच वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी फोनवर मोकळेपणाने बोलतात आणि जिथले बोलत नाहीत, हा फरकही नोंदव.

बाबांच्या बॅचच्या प्रश्नाकडे परत येते. त्यांनी नकळत मुळावर बोट ठेवलं. क्लस्टर बाजारात न येण्याची कारणं अनेक आहेत, पण रोजच्या कामातलं कारण हेच की दहा मिलिलिटरला जे होतं ते दहा लिटरला तसंच होत नाही. सोन्याचा क्षार हवेतलं पाणी ओढतो. आपल्याकडे जूनमध्ये बाटलीचं झाकण उघडलं की नारिंगी दाणे बघता बघता ओले होऊन कागदाला चिकटतात, आणि तराजू सोन्याबरोबर पाऊसही तोलतो. धातूचा चमचा लावला तर तो क्षार चमच्यालाच खातो. म्हणून आम्ही बाटलीतला सबंध ग्रॅम एकदम पाण्यात विरघळवून ठेवायचो आणि पुढे फक्त मापाने घ्यायचो. मग ढवळण्याचा वेग, अल्ब्युमिनचा लॉट, सोडा घालण्याची वेळ. पेपरात यातलं अर्धं लिहिलेलं नसतं. बाबा रोज बॅच रेकॉर्ड भरतात, त्यांना विचार की कच्च्या मालाच्या वजनात अशी अनिश्चितता असेल तर ते बॅच सोडतील का. सोडणार नाहीत. आणि २५ च्या जागी थोडे १८ आले तर मूत्रपिंड काय करतं ते आपण वर पाहिलं. वेर्ण्याच्या शिस्तीचा माणूस या विषयाला हवाच आहे.

जावं का? विषय म्हणून, हो, नक्की जा. यात अजून खूप काम पडलेलं आहे आणि तुझ्या पिढीला ते करता येण्यासारखं आहे. त्या सरांकडे जावं का, ते मुलाखतीत ठरव. त्यांना दोन प्रश्न नम्रपणे विचार. "सर, या क्लस्टरच्या तीन वेगवेगळ्या बॅचचे मास स्पेक्ट्रम बघायला मिळतील का?" आणि "टोचलेल्या सोन्याचा हिशेब किती टक्क्यांपर्यंत जमला?" चांगला संशोधक या प्रश्नांनी खूश होतो. तो कपाट उघडून वही काढेल. जमला नसेल तर किती जमला नाही तेही सांगेल, आणि तसं सांगितलं तर निर्धास्त जा.

मुलाखतीआधी तुला ज्या तीन पेपरांविषयी सर्वांत जास्त शंका आहेत ते जोडपुस्तीसकट छापून घे आणि शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास घरी ये. बाबांना सुट्टी असेल तर त्यांनाही आण, बॅच रेकॉर्डचा एक कोरा नमुना त्यांच्याकडून मला हवाय. क्लस्टरच्या कृतीसाठी तसाच एक आपण तिघं मिळून बसवू.